भारंगी म्हणून आणलेलं झाड खरंच भारंगी आहे का? आणि भुंग्यांसाठी ती लावायची कशी?

ओंजळभर | १२ जुलै २०२३, रात्री ९:४०

माझं आजोळ संगमेश्वरजवळचं. पावसाळ्यात मामाच्या घरामागच्या चढावर भारंगी यायची. आजी कोवळी पानं खुडून ओच्यात घालायची. मला मात्र भाजीपेक्षा तिची फुलं आठवतात: फिकट निळी, आणि खालची एकच पाकळी गडद जांभळी, कुणी शाईत बुडवून काढल्यासारखी. त्यावर काळे मोठे भुंगे यायचे. भुंगा बसला की अख्खा तुरा खाली वाकायचा आणि तो उडाला की झटकन वर यायचा. मी पायरीवर बसून तासन्‌तास बघत असे.

आता पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत साधारण तीस फूट लांब पट्टा मोकळा आहे. अर्धा दिवस ऊन, अर्धा दिवस सावली. समितीनं तो मला दिलाय. तिथे इथलीच, दर वर्षी आपली आपण फुटणारी, भुंगे-मधमाश्या-फुलपाखरांना उपयोगी पडतील अशी झाडं लावायची आहेत. सुरुवात भारंगीनंच करायची असं ठरवून दोन वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून 'भारंगी' आणली. फोटो जोडले आहेत. फुलं हुबेहूब आठवणीतल्यासारखी आहेत. पण मनात शंका आहे, कारण हे झाड जानेवारीतही फुललं होतं. आजोळची भारंगी कधी थंडीत फुललेली मला आठवत नाही.

सासूबाई म्हणतायत, पानं कोवळी आहेत तर भाजी करू. मी त्यांना थांबवलंय. जाणकारांनी सांगावं, ही भारंगी आहे का? नसेल तर खरी कुठून मिळवायची आणि कशी वाढवायची?

---

पानापानात | १२ जुलै, रात्री १०:०२

फोटो फारच सुंदर आलेत! पण भाजी अजिबात करू नका. आधी ओळख पटू दे.

---

बाणकोटी | १२ जुलै, रात्री १०:३१

भारंगीची खूण सोपी आहे. एका पेराला तीन-तीन पानं असतात. खोड बोटांत धरून फिरवलंत तर चौकोनी लागतं. पानाची कड करवतीसारखी आणि देठ जवळजवळ नसतोच. तुमच्या दुसऱ्या फोटोत मला तरी एका पेराला तीन पानं दिसतायत. म्हणजे भारंगीच. आमच्याकडे मे महिन्यात पहिला वळीव पडला की आठ दिवसांत कोंब वर येतात.

---

देवराईकर | १३ जुलै, सकाळी ७:१५

बाणकोटी, तुमच्या खुणा बरोबर आहेत, पण या प्रश्नाला त्या पुरत नाहीत. फोटो बघून मला वाटतं की हे झाड भारंगीचं आफ्रिकेतलं भावंड आहे. रोथेका मायरिकॉइडिस. मूळचं पूर्व आफ्रिकेकडचं, शोभेसाठी जगभर लावतात. रोपवाल्यांकडे ते 'ब्लू बटरफ्लाय' अशा नावानं मिळतं, आणि कधीकधी भारंगी म्हणूनही खपवलं जातं. त्यात फसवणूकच असते असं नाही, पुष्कळदा त्यांनाही फरक माहीत नसतो. कारण फूल खरोखरच तसंच दिसतं: चार पाकळ्या फिकट, एक गडद, लांब वाकलेले पुंकेसर. कळीसुद्धा दोघींची सारखीच, एकाच बाजूनं फुगलेली. आणि बाणकोटी, पेराला तीन पानं त्या झाडालाही येऊ शकतात. म्हणून नुसत्या तीन पानांवर विसंबू नका.

आपली भारंगी म्हणजे रोथेका सेराटा. जुन्या पुस्तकांत क्लेरोडेंड्रम सेराटम असं नाव सापडेल. १९९८ साली स्टीन आणि मॅबरली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोथेका हा गट वेगळा काढला, तेव्हापासून नाव बदललं. पूर्वी निर्गुडी-सागाच्या कुळात धरत, आता ही सगळी मंडळी तुळशीच्या कुळात आली आहेत.

फरक बघायचा तर फूल सोडा आणि बाकीचं झाड बघा.

पान: भारंगीचं पूर्ण वाढलेलं पान चांगलं वीतभर लांब होतं, पंधरा-वीस सेंटिमीटर, जाडसर, खरखरीत, कडेला ठळक दाते. आफ्रिकन झाडाचं पान त्याच्या निम्म्याच्या आसपास, मऊ, आणि दाते थोडे, तेही बहुधा टोकाकडच्या भागात.

तुरा: भारंगीच्या फांदीच्या शेंड्याला उभा, भरगच्च, खाली रुंद वर निमुळता तुरा येतो. त्यात फुलांच्या मधूनमधून पानासारखी छोटी छदं असतात, पुष्कळदा जांभळट छटेची. लांबून बघितलं तर फुलांचा मनोरा उभा केल्यासारखा वाटतो. आफ्रिकन झाडाची फुलं सैल, विरळ, लवलवत्या फांद्यांवर.

आणि सगळ्यांत पक्की खूण म्हणजे ऋतू. भारंगी पावसाची. साधारण जुलै ते सप्टेंबर फुलते, मग जांभळी-काळी फळं धरते आणि उन्हाळ्यापर्यंत वरचा भाग वाळून जातो. जानेवारीत फुललेलं झाड बघून तुम्हाला शंका आली, तिथेच तुम्ही अर्धी ओळख पटवलीत.

पान पट्टीनं मोजून कळवाल का?

---

ओंजळभर | १३ जुलै, दुपारी १:२०

आत्ताच मोजलं. सगळ्यांत मोठं पान आठ सेंटिमीटर. दाते फक्त वरच्या अर्ध्या भागात. तुरा सैलच आहे आणि छदं अगदी बारीक. म्हणजे ही भारंगी नाही. दोन वर्षं मी तिला आजोळची समजून पाणी घालत होते, मन खट्टू झालं. पण कळलं हे बरं झालं. देवराईकर, मनापासून आभार.

---

खारफुटी | १३ जुलै, दुपारी २:०५

खट्टू होऊ नका आणि ते झाड उपटूही नका. भुंगे येतात ना त्यावर? मग राहू दे.

---

रानभूल | १३ जुलै, दुपारी ४:४८

खारफुटीताई, थोडी असहमती. परदेशी झाडावर भुंगा आला म्हणजे काम झालं असं नाही. मोठा भुंगा कुठल्याही भरल्या फुलावर जातो, त्याला निवड आहे. पण कित्येक फुलपाखरांच्या अळ्या एखाद्-दुसऱ्याच झाडाचा पाला खातात, आणि ती झाडं इथलीच लागतात. फुलात मध मिळाला, पण अंडी घालायला पानच नसेल तर फुलपाखराची पुढची पिढी कुठून येणार? म्हणून ओंजळभर यांनी 'इथलीच झाडं' हे ठरवलंय ते मला फार पटलं. आहे ते झाड कुंडीत राहू दे, पण तो तीस फुटी पट्टा इथल्या झाडांना द्या.

---

खारफुटी | १३ जुलै, सायंकाळी ५:३०

कुंडीत राहू दे, पट्टा इथल्या झाडांना द्या, हे मान्य. उपटून फेकू नका एवढंच म्हणणं होतं.

---

गुंजारव | १३ जुलै, रात्री ९:१०

भुंग्यांचा विषय निघालाय तर राहवत नाही. गेली सहा वर्षं मी पावसाळ्यात भारंगीपाशी बसून टिपणं काढतो आहे.

नुकतं उमललेलं फूल जवळून बघा. फूल सुमारे इंचभराचं. चार लांब पुंकेसर कमानीसारखे वर जाऊन पुढे झुकलेले असतात आणि त्यांच्या टोकांना पराग तयार असतो. स्त्रीकेसर त्या वेळी बाजूला वाकलेला असतो. भुंगा येतो, गडद जांभळ्या पाकळीवर पाय रोवतो आणि तोंड नळीत घालतो. त्याचं वजन पडलं की फूल खाली झुकतं आणि वरून पुंकेसर त्याच्या पाठीला टेकतात. नंतर पुंकेसर वळून बाजूला होतात आणि जिथे ते होते नेमक्या त्या जागी स्त्रीकेसर येतो. पहिल्या फुलातला पराग पाठीवर घेऊन आलेला भुंगा दुसऱ्या फुलात शिरतो तेव्हा तीच पाठ स्त्रीकेसराला लागते. एकाच तुऱ्यावर दोन्ही अवस्थांतली फुलं शेजारी शेजारी दिसतात. भिंग लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

लहान मधमाश्याही येतात, पण त्या इतक्या हलक्या की बऱ्याचदा पुंकेसरांना न शिवताच मध घेऊन जातात. पाठ लागायला भुंग्याएवढंच अंग हवं.

भुंगा नेहमीच इतका सरळ वागतो असंही नाही. लांब नळीच्या फुलांना तो कधीकधी बुडाशी भोक पाडून बाहेरूनच मध काढून नेतो. तसं झालं की फुलाला काहीच मिळत नाही. भारंगीवर मी त्याला बहुतेक वेळा समोरूनच शिरताना पाहिलाय.

---

चिमणचारा | १३ जुलै, रात्री ९:५५

एक भाबडा प्रश्न. भुंगे चावत नाहीत का? आमच्या इमारतीत एक भुंगा गच्चीच्या लाकडी चौकटीत राहायला आला तर लोकांनी फवारणीवाल्याला बोलावलं.

---

गुंजारव | १३ जुलै, रात्री १०:२०

भाबडा कसला, अगदी महत्त्वाचा प्रश्न. तोंडासमोर येऊन घोंघावतो तो बहुधा नर असतो, आणि नराला नांगीच नसते. तो आपल्या हद्दीची राखण करत असतो, तुमच्याशी त्याचं भांडण नसतं. मादीला नांगी असते, पण हातात धरून दाबली नाही तर ती डंख करत नाही. मधमाश्यांसारखं हजारोंचं पोळं यांचं नसतं. मादी एकटीच वाळक्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, त्यात कप्पे पाडते, प्रत्येक कप्प्यात परागाचा गोळा ठेवून एकेक अंडं घालते.

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती दृष्टांतातली गोष्ट झाली, पण लाकूड पोखरणं अगदी खरं. म्हणून चौकट वाचवायची असेल तर तिला रंग किंवा तेलपाणी करा आणि जवळच वळचणीला वाळक्या बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवा. हातभर लांब, बोट जाईल एवढी पोकळी, एका बाजूला पेर बंद. पाऊस आत जाणार नाही असे बांधा. त्यांना घर मिळतं आणि तुमची चौकट सुटते.

फवारणी मात्र करू नका. तुरीच्या आणि तागाच्या फुलांवर हेच भुंगे काम करतात. वांगी-टोमॅटोच्या फुलांतला पराग झटकायला अंग थरथरवणारी माशी लागते. ते कसब भुंग्याला आहे, निळ्या पट्ट्यांच्या माशीला आहे, पण पोळ्यातल्या मधमाशीला नाही.

---

मायेची_चूल | १४ जुलै, सकाळी ११:००

भारंगीचा धागा आणि भाजी नाही, असं कसं चालेल? आमच्या अलिबागकडची पद्धत सांगते. खरी भारंगी असेल तरच हं.

कोवळी पानं, शेंड्याकडची. धुऊन बारीक चिरायची, उकडायची आणि पाणी घट्ट पिळून टाकून द्यायचं, कडूपणा त्यातच जातो. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, मग कांदा, हिरवी मिरची. भिजवलेली मूगडाळ किंवा सोललेले वाल घालून वाफ काढायची, मग भारंगी, मीठ, किंचित गूळ, वरून ओलं खोबरं. तांदळाच्या भाकरीबरोबर खायची. थोडा कडवटपणा राहतोच आणि तो राहायलाच हवा. फुलांचीही भाजी करतात, तीही उकडून पिळूनच.

---

भाकरतुकडा | १४ जुलै, सकाळी ११:१२

ओले काजू घालून बघा. मग कुणी कडू म्हणून नाक मुरडणार नाही.

---

मायेची_चूल | १४ जुलै, सकाळी ११:२०

ओले काजू घातले तर दगडाची भाजीसुद्धा संपेल भाऊ!

---

गुंजारव | १४ जुलै, दुपारी १२:४०

पानांच्या भाजीला माझी ना नाही, पण फुलांच्या भाजीबद्दल जीव तुटतो. एका कढईला किती तुरे लागतात ते तुम्हाला माहीत आहे. तुरे गेले की त्या वर्षीचा मध गेला आणि बीही गेलं.

---

मायेची_चूल | १४ जुलै, दुपारी १:१५

गुंजारव, आमच्या आईचा नियम होता की एका झाडाचे सगळे तुरे काढायचे नाहीत, आणि डोंगराच्या एका अंगाचे काढले तर दुसऱ्या अंगाला हात लावायचा नाही. आता बाजारात टोपल्याच्या टोपल्या येतात तेव्हा हा नियम कोण पाळतं, हे खरंय. तुमचं म्हणणं मनाला लागलं. घरच्या झाडाची तरी फुलं मी यंदा ठेवीन.

---

बाणकोटी | १४ जुलै, दुपारी ३:३०

पानं खुडण्याचा झाडाला फायदाच होतो. जूनमध्ये वीतभर कोंब आला की शेंडा खुडा. बगलेतून दोन-तीन फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला तुरा येतो. जुलै लागला की थांबायचं. भाजी जूनमध्ये माणसांची, फुलं ऑगस्टमध्ये भुंग्यांची. देवराईकरांनी सांगितलेला आफ्रिकन बहिणीचा प्रकार मला माहीत नव्हता. माझं म्हणणं मागे घेतो.

---

रोह्याची_वाट | १४ जुलै, रात्री ८:५०

एक विनंती, आणि ती मी हात जोडून करतोय. 'खरी कुठून मिळवायची' याचं उत्तर डोंगरावरून खणून असं कुणीही देऊ नये.

भारंगीचं मूळ औषधात जातं. भारंगमूळ खोकल्यावर, दम्यावर आयुर्वेदात पूर्वापार वापरलं जातं. पानं तोडली तर झाड पुन्हा फुटतं, मूळ काढलं तर संपलं. आमच्या गावामागच्या टेकाडावर वीस वर्षांपूर्वी पायवाटेच्या दोन्ही अंगांना भारंगी होती. दोन मोसम मुळं खणणारे आले. आज तिथे एकही नाही, नुसते बुजत चाललेले खड्डे आहेत. त्याच टेकाडाच्या देवराईत मात्र अजून आहे, कारण तिथे कुणी कुदळ लावत नाही.

हीच भारंगी दर वर्षीच्या वणव्याला पुरून उरते. वरचं सगळं जळतं, जूनमध्ये खालून लाल-हिरवे कोंब हजर. आगीनं न मरणारं झाड कुदळीनं मरतं. ज्यांच्या परसात आहे त्यांच्याकडून काडी मागा, बी मागा. कोणी नाही म्हणणार नाही.

---

ओंजळभर | १४ जुलै, रात्री ९:३०

रोह्याची_वाट, डोंगरावरून आणणार नाही, शब्द देते. काडीनं जगते का पण?

---

कुंडीतलं_रान | १५ जुलै, सकाळी ८:००

जगते! मी मुळशीजवळ राहते, परसात सात झुडपं आहेत, सगळी दोन झाडांच्या काड्यांपासून केलेली. जमलं तेही सांगते आणि बिघडलं तेही.

काडी: पावसाळ्यात, पेन्सिलीच्या जाडीची, अर्धवट पिकलेली. अगदी हिरवा शेंडा घेतलात तर कुजतो, जुनं लाकूड घेतलंत तर फुटायला फार वेळ लावतं. तीन पेरं ठेवायची. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. पानं सगळी काढायची, वरचं एखादं ठेवलंत तर अर्धं कापायचं. निम्मी वाळू, निम्मी माती. दोन पेरं मातीत. सावलीत ठेवायची. पहिल्या वर्षी मी नुसत्या काळ्या मातीत लावल्या, बारापैकी दहा कुजल्या. वाळू घातल्यावर बारापैकी आठ लागल्या. डोळे फुगले म्हणून घाईनं उपटून बघू नका. पानं आधी येतात, मुळं मागून. दीड-दोन महिने काडीला हात लावायचा नाही.

बी: फळ काळं झालं की काढा, गर चोळून धुवा, सावलीत वाळवा. एका फळात चारपर्यंत बिया, पण पुष्कळदा एक-दोनच भरतात. माझं जुनं ठेवलेलं बी फारसं उगवलं नाही, ताजं बरं उगवलं. ते सगळं एकदम उगवत नाही, काही पहिल्या महिन्यात तर काही पुढच्या पावसात. म्हणून ट्रे लगेच रिकामा करू नका.

जागा: तुमची अर्ध्या उन्हाची जागा उत्तम. ती जंगलाच्या कडेला वाढणारी आहे. मूळ जाड आणि खोल जातं, जमीन असेल तर कुंडीच्या फंदात पडू नका. पाणी साचलं की मूळ सडतं, पुण्याची काळी माती असेल तर मुरूम मिसळून वाफा वीतभर उंच करा. खत जास्त घालू नका. मी एका झाडाला हौसेनं भरपूर शेणखत घातलं, ते पुरुषभर उंच झालं, पानंच पानं आली आणि तुरे शेजारच्या उपाशी झाडाच्या निम्मे. दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा.

ओंजळभर, तुम्हाला काड्या हव्या असतील तर निरोप पाठवा. पाऊस आहे तोवर.

---

दूरदेशी_मैना | १५ जुलै, रात्री ११:३०

न्यू जर्सीहून. इथे शेजारणी मोनार्क फुलपाखरासाठी मिल्कवीड लावतात. थंडीत वरचं सगळं मरतं, वसंतात खालून फुटतं. भारंगीची गोष्ट वाचताना तेच आठवलं, इथे हिमानं मरतं आणि तिथे उन्हानं. मिल्कवीडच्या जवळचं आपल्याकडे काय असेल?

---

देवराईकर | १६ जुलै, सकाळी ६:५०

रुई. एकाच कुळातली. आणि गंमत पुढे आहे. रुईच्या पानावर आपल्याकडे प्लेन टायगर अंडी घालतं, ते मोनार्कचं सख्खं गणगोत, दोघंही डॅनॉस याच गटातले. दोघांच्याही अळ्या चिकाचं विष अंगात साठवतात आणि पक्ष्यांना नकोशा होतात. मारुतीला रुईची माळ घालून झाली की घरी येताना त्या झाडाची पानं उलटून बघा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी सापडेल.

---

रानभूल | १६ जुलै, सकाळी ९:१५

पट्ट्यात भारंगीबरोबर चित्रकही लावा, पांढऱ्या फुलांचा. इथलाच, बारमाही, आणि झेब्रा ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू त्याच्या कळ्यांवर अंडी घालतं. चित्रकाचं मूळ जहाल असतं, लहान मुलं खेळतात तिथे मात्र नको. ब्लू मॉर्मन हवं असेल (२०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे) तर एक लिंबाचं झाड पुरेल.

---

सांजसावली | १६ जुलै, सकाळी १०:४०

आमच्याकडे फेब्रुवारीत पांढऱ्या फुलांचं एक झुडूप रानभर फुलतं, पानं मोठी हृदयाच्या आकाराची, चुरगळली की उग्र वास. गावातले एकजण त्याला भारंगी म्हणतात.

---

देवराईकर | १६ जुलै, दुपारी १२:००

तो भांडिरा. भारंगीचा नातलगच, पण ती नव्हे. भाजी करू नका.

---

ओंजळभर | २३ जुलै २०२३, सायंकाळी ६:१५

आज कुंडीतलं_रान यांच्याकडे जाऊन आले. त्यांनी चहा दिला, वर दहा काड्या ओल्या गोणपाटात बांधून दिल्या. त्यांच्या परसातली खरी भारंगी मी किती वर्षांनी बघितली! पान तळहातावर ठेवलं तर मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत आलं. काड्या वाळूमातीत लावल्या आहेत. आफ्रिकन झाड गच्चीवर मोठ्या कुंडीत हलवलं.

---

ओंजळभर | ९ एप्रिल २०२४, रात्री १०:०५

धागा वर काढतेय, कारण धीर सुटत चाललाय. दहापैकी सहा काड्या लागल्या होत्या, सप्टेंबरअखेरीस पट्ट्यात लावल्या, हातभर वाढल्या. फेब्रुवारीत पानं पिवळी पडली, मार्चमध्ये सगळी गळली. आता नुसत्या सहा वाळक्या काटक्या आहेत. त्यात गेल्या आठवड्यात सफाईला आलेल्या माणसानं कचरा समजून दोन उपटून टाकल्या. त्याला बोलून काय उपयोग, मलाही त्या मेलेल्याच वाटत होत्या. उरलेल्या चार जिवंत आहेत हे कसं ओळखू?

---

कुंडीतलं_रान | ९ एप्रिल, रात्री १०:४०

जमिनीलगत नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवट ओलावा दिसला तर उत्तमच. तपकिरी दिसलं तरी सोडू नका, मूळ जिवंत असू शकतं. पहिला उन्हाळा आहे, म्हणून आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी, त्याहून जास्त नाही. बुडाशी वाळका पाला पसरा. आणि प्रत्येक काटकीशेजारी दगड रचून त्यावर रंगानं नाव लिहा. माझीही दोन झाडं अशीच उपटली गेली होती.

---

बाणकोटी | १० एप्रिल, सकाळी ७:३०

भारंगी मे महिन्यापर्यंत मेलेलीच दिसते. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्यांना परसात भारंगी आहे म्हणून दाखवावी तर दाखवायला काही नसतं. जून उजाडू द्या.

---

ओंजळभर | १६ जून २०२४, सकाळी ८:२०

चारपैकी तीन फुटल्या!! मातीतून, काटकीच्या बुडातून, अंगठ्याएवढे जाड लालसर कोंब. एका कोंबाला पहिल्याच पेराला तीन पानं. सासूबाईंना खाली बोलावून दाखवलं. त्यांनी शेंडा खुडायला हात पुढे केला आणि स्वतःच मागे घेतला, म्हणाल्या, यंदा नको, पुढच्या वर्षी.

---

मायेची_चूल | १६ जून, सकाळी ९:००

डोळ्यांत पाणी आलं गं वाचून. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

---

ओंजळभर | २५ ऑगस्ट २०२४, दुपारी १२:१०

तीनपैकी एकीला तुरा आला. वीतभर, उभा, छदांच्या कडा जांभळट. रोज सकाळी साडेसातला जाऊन उभी राहते. पहिले चार दिवस फक्त मुंग्या आणि लहान माश्या. पाचव्या दिवशी, म्हणजे आज, भुंगा आला. सरळ गडद पाकळीवर उतरला, तुरा झुकला, आणि गुंजारव यांनी लिहिलंय अगदी तसंच पुंकेसर त्याच्या पाठीवर टेकले. पाठ पिवळसर झालेली स्पष्ट दिसली. तिसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी माझ्याबरोबर होती. ती म्हणाली, "काकू, फुलानं त्याला थोपटलं."

वळचणीला बांबूचे चार तुकडे बांधलेत. अजून कुणी राहायला आलेलं नाही.

---

गुंजारव | २५ ऑगस्ट, दुपारी १२:३५

थोपटलं! सहा वर्षांच्या माझ्या टिपणांत हा शब्द मला सुचला नव्हता. उद्यापासून तोच लिहीन.

बांबूंना वेळ द्या. तोंडाखाली भुशासारखा पिवळसर भुगा पडलेला दिसला की समजा, कुणीतरी आलंय.

---

रोह्याची_वाट | २५ ऑगस्ट, रात्री ९:४५

फळं काळी झाली की थोडं बी मला पाठवाल का? गावच्या शाळेमागे मुलांना घेऊन रोपं करायची आहेत. पुढच्या पावसात त्या टेकाडावर, खड्ड्यांच्या जागी लावू.

---

ओंजळभर | २५ ऑगस्ट, रात्री ९:५२

पहिलं बी तुमचंच. पत्ता निरोपात कळवा.